मदत हवी आहे: बिझनेस कोचला साठ हजार द्यावेत का? (सावंतवाडी, लाकडावरचं रंगकाम)

रंगारीण:

नमस्कार मंडळी. मी सावंतवाडीची. लाकडावर गंजिफाच्या (हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांच्या) ढंगाची चित्रं रंगवून विकते. किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या, कोस्टर, करंडे, दारावरच्या नावाच्या पाट्या आणि गणपतीचे पाट. लाकूड कातून-कापून देणारे काका आमच्याच आळीतले, रंग आणि लाख माझी, पॅकिंग सासूबाईंचं. शाळेतली नोकरी सोडून पूर्णवेळ यात पडले त्याला पाच वर्षं झाली.

अडचण अशी की काम वाढलंय, पैसा वाढत नाही. महिन्याला चाळीस-पंचेचाळीस हजारांचा माल जातो, हातात चौदा-पंधरा उरतात. तीन वर्षांपूर्वीही तेवढेच उरत होते आणि तेव्हा मी रात्री साडेनऊला झोपत होते.

गेल्या महिन्यात एका प्रदर्शनात पुण्याचे एक बिझनेस कोच भेटले. सहा महिने, दर पंधरवड्याला एक तास व्हिडिओ कॉल, मधे व्हॉट्सॅपवर शंका. फी ६०,००० आणि वर जीएसटी. पत्रकावर लिहिलंय, "सहा महिन्यांत उलाढाल दुप्पट". माणूस बोलायला चांगला वाटला, पण ते वाक्य वाचून पोटात गोळा आला. उलाढाल दुप्पट म्हणजे रंगवायचं कोणी? मीच ना?

नवऱ्याचं म्हणणं, त्या पैशात कामाच्या खोलीला ओल खेचणारं डीह्युमिडिफायर घे. त्याचंही बरोबर आहे. पाटांच्या ऑर्डरी येतात जून-जुलैत, म्हणजे नेमक्या लाकडाला बुरशी धरते आणि रंग चार-चार दिवस सुकत नाही तेव्हा.

इथे कोणी आपल्यासारख्या लहान कलाधंद्यासाठी कोच घेतलाय का? तो नक्की करतो काय? मोठ्या कंपन्यांचं सोडा, एका बाईच्या आणि एका कुंचल्याच्या धंद्यात तो काय हलवणार?

होडीवाला_मालवण:

साठ हजार! त्यात माझ्या होडयेचा इंजिन दुरुस्त होतला. तो कोच काय गणपतीत पाट रंगवूक येतलो?

मातीकाम_दापोली:

होडीवाल्यांना हसू दे, मी तीन वर्षांपूर्वी कोच घेतला होता. माझा मातीच्या भांड्यांचा स्टुडिओ आहे. त्यामुळे जे झालं तेच सांगते.

पहिल्या कॉलला मला वाटलं, आता ही बाई इन्स्टाग्रामच्या युक्त्या सांगणार. तिने विचारलं, "तुझ्याकडे किती प्रकारच्या वस्तू आहेत?" मोजल्या तर ६३ निघाल्या. "यातल्या किती गेल्या वर्षी दहापेक्षा जास्त विकल्या?" अकरा. उरलेल्या बावन्न मी का करत होते? कधीतरी एका गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून, एखादीचा फोटो छान आला म्हणून, एक तर नणंदेला आवडते म्हणून. तिने 'बंद कर' असं एकदाही म्हटलं नाही. पुढच्या कॉलला फक्त विचारायची, "मग काय ठरवलंस?" त्या प्रश्नाला उत्तर द्यायची लाज वाटायला लागली म्हणून मी ठरवलं. वर्षभरात ६३ च्या १९ वर आले. भट्टी कमी वेळा लावावी लागते, खोकी तीनच मापांची लागतात. हे सगळं मला आधी कळत नव्हतं असं नाही. पण घरात हे विचारणारं कोणी नसतं. नवऱ्याने विचारलं असतं तर भांडण झालं असतं.

तिला मातीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ग्लेझ का तडकतं ते ती सांगू शकली नसती. त्यासाठी जाणता कुंभार गाठायचा. कोच आणि सल्लागार यांत हाच फरक आहे. सल्लागार उत्तर देतो, कोच तुझ्याकडून ते काढून घेतो आणि मग पंधरा दिवसांनी पिच्छा पुरवतो. तुला यातलं नक्की काय हवंय?

आणि दुप्पटचं वचन देणाऱ्याशी जपून. माझी उलाढाल पहिल्या वर्षी घटली होती. हातात उरलं मात्र जास्त.

हिशेबनीस:

रंगारीणताई, कोचचं नंतर बघू. आधी एक सांगा: तुमची किल्ल्यांची पट्टी कितीला जाते, दुकानदार किती कापतो, माल किती लागतो आणि वेळ किती लागतो?

रंगारीण:

४५० ला. पर्यटकांच्या दुकानात ठेवते, विकली तरच पैसे, ३० टक्के त्यांचे. लाकूड ९० रुपये, रंग-लाख ४०, खोकं-कागद २५. वेळ दोन तास धरा.

हिशेबनीस:

४५० मधून १३५ दुकानाचे, १५५ मालाचे. उरले १६०. दोन तास धरले तर तासाला ८० रुपये. पण तुम्ही "धरा" म्हणालात. घड्याळ लावलंय कधी? आळीत जाऊन लाकूड आणणं, घासणं, अस्तर, रंगाच्या दोन हातांमधलं थांबणं, दुकानात नेऊन ठेवणं, पैशांसाठी तीन फोन? पंधरा दिवस प्रत्येक वस्तूचा वेळ वहीत लिहा. त्याला कोच लागत नाही, वही लागते. ही वही न लिहिता कोचकडे गेलात तर पहिले तीन कॉल म्हणजे पंधरा हजार रुपये ती लिहायला लावण्यातच जातील.

आता कागदाचं, कारण कोच हे बहुतेक वेळा सांगत नाहीत. उद्यम नोंदणी (लहान धंद्यांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर करा, ती फुकट असते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. गोव्यातल्या दुकानांना माल देत असाल तर ती राज्याबाहेरची विक्री होते, तिला एरवी जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या यादीतल्या वस्तूंना वर्षाला २० लाखांच्या विक्रीपर्यंत तरीही त्या नोंदणीतून सूट आहे, आणि लाकडाचं कात-लाखकाम त्या यादीत आहे. सीएकडून एकदा पडताळून घ्या. लहान मुलांची खेळणी करायचा विचार असेल तर १ जानेवारी २०२१ पासून त्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. आणि तुमचे कातकाम करणारे काका जर खेळणी करत असतील तर पीएम विश्वकर्मा या केंद्राच्या कारागीर योजनेच्या १८ व्यवसायांत पारंपरिक खेळणी करणारे येतात: अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि ५ टक्क्यांनी आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. काकांचं लेथ नवं झालं तर तुमचंच काम सुटेल.

पुण्याचा_चाकरमानी:

कोच लावायचाच असेल तर एक माहिती: आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कसलाही परवाना लागत नाही, उद्या मीही पाटी लावू शकतो. आयसीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेची प्रमाणपत्रं असतात, एसीसी या पहिल्या पातळीला निदान १०० तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं लागतं, पीसीसी या त्यावरच्या पातळीला ५००. प्रमाणपत्र असलं म्हणजे माणूस कामाचा असतोच असं नाही. मी तर जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर मागतो. हाताने वस्तू करणाऱ्या दोघांशी तरी बोला. इव्हेंटवाला आणि क्लासवाला यांचं कोचिंग वेगळं, त्यांना माल सुकवावा लागत नाही.

रंगारीण:

उशिरा उत्तर देतेय, माफ करा. पंधरा दिवस वही लिहिली.

किल्ल्यांच्या पट्टीला दोन तास नाही, ३ तास ४० मिनिटं लागतात. म्हणजे तासाला ४४ रुपये. हिशेबनीस, तुमचा रागही आला आणि आभारही मानते. भातलावणीला येणारी बाई माझ्यापेक्षा जास्त घेऊन जाते, वर दुपारचं जेवण.

उलट नावाची पाटी. ती मी कंटाळून करायचे, कारण त्यात "कला" कमी. तिला २ तास १० मिनिटं, आणि ती थेट घरपोच १,२०० ला जाते, दुकान मधे नाही. माल-कुरिअर जाऊन ८५० उरतात. वर्षात विकल्या फक्त ३८. का? कारण मी तिचा फोटोच कधी टाकला नाही.

आणि एक कबुली द्यायची राहिली होती. गेल्या वर्षी एका हौशी गृहस्थांनी पूर्ण दशावतारी गंजिफा मागितली. दहा अवतारांचे दहा रंग (पत्त्यांचे गट), प्रत्येकी बारा पानं, १२० पानं. मी आनंदाने ६,००० सांगितले. दोन महिने घालवले त्यात. ते काम मी पुन्हाही करीन, पण त्याला पोट भरायचं काम म्हणणार नाही. दापोलीकर, तुमचा "मग काय ठरवलंस?" हा प्रश्न त्या पानांपाशी येऊन मला टोचला.

कोचना फोन केला. दोन जुनी गिऱ्हाइकं मागितली, एकाचा नंबर मिळाला, तो निघाला जिमवाला. सहा महिन्यांऐवजी तीनच कॉल घेऊ का, विषय एकच: भाव आणि दुकानदारांशी बोलणं, असं विचारलं. खरं सांगायचं तर भाव वाढवलाय असं दुकानदाराला सांगताना माझा आवाजच फुटत नाही. ते एकटीला जमणार नाही, तिथे पैसे मोजायची तयारी आहे. "आमचं पॅकेज असतं" म्हणाले, विचार करून कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. दापोलीकर, तुमच्या त्या बाई सुटे कॉल घेतात का?

काका म्हणतात, पाटांचं लाकूड मे संपायच्या आत कापून, अस्तर मारून ठेवू, पावसात फक्त चित्र. डीह्युमिडिफायरचंही बघतोय. पण पाटाचा भाव अजून ठरत नाही. वहीप्रमाणे एका पाटाला साडेसहा तास जातात, आणि मी तो ९०० ला देत होते. मुंबई-पुण्याच्या मंडळींनो, तुमच्याकडे हाताने रंगवलेला गणपतीचा पाट कितीला घेतात? मला बरं वाटावं म्हणून नको, खरा आकडा सांगा.

होडीवाला_मालवण:

माझ्या बायलेन दीड हजारांक घेतल्यान गेल्या वर्षी. तो पण छापील निघालो. तुझो एक माका ठेव.