रायफलबरोबर तनाख: सेनेने द्यावा, की मागेल त्यालाच द्यावा?

अश्दोदकर

धाकट्याचा इस्रायली सेनेतला शपथविधी नुकताच झाला. रांगेतून एकेक मुलगा पुढे जातो, अधिकारी त्याच्या एका हातात रायफल देतो आणि दुसऱ्या हातात तनाख. मग सगळे मिळून ‘अनी निश्बा’, मी शपथ घेतो, असं ओरडतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हिच्याही आलं. पण घरी आल्यावर झोप लागली नाही.

भारतातल्या वाचकांसाठी सांगतो. तनाख म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ. तोरा (मोशेचे पाच ग्रंथ), नेविईम (संदेष्ट्यांचे ग्रंथ) आणि केतुविम (इतर लेखन) या तिन्हींची आद्याक्षरं मिळून तनाख हा शब्द झाला. इस्रायली सेनेत ज्यू सैनिकाला शपथविधीत तो मिळतो. मुस्लिम सैनिकाला कुराण मिळतं, ख्रिस्ती सैनिकाला नवा करार.

धर्मग्रंथ सैनिकाला मिळायलाच हवा, तोही सेनेच्या खर्चाने. माझी तक्रार फक्त वेळेबद्दल आणि देणाऱ्या हाताबद्दल आहे. याच तनाखमध्ये उरियाची गोष्ट आहे. उरिया सैनिक होता. राजा दावीदला त्याची बायको हवी होती, म्हणून त्याला लढाईत सर्वांत पुढे ठेवून मारवला. मग नाथान संदेष्टा राजासमोर उभा राहून म्हणाला, ‘तो माणूस तूच.’ मंदिर बांधायचा मानही दावीदला मिळाला नाही, कारण त्याने फार रक्त सांडलं होतं. जो ग्रंथ राजालाही जाब विचारतो, तो अधिकाऱ्याच्या हातून हत्यारासोबत आला की पुढच्या प्रत्येक हुकुमावर ग्रंथाचीच सही आहे, असं अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला वाटणार. शपथ वेगळ्या दिवशी घ्या. ग्रंथ ज्याला हवा त्याने रब्बीकडून, म्हणजे ज्यू धर्मगुरूकडून, घ्यावा.

नवगावचा नातू

अश्दोदकर काका, तुमच्या मुलाला आधी आशीर्वाद. पण मला हे अजिबात पटलं नाही.

आपण बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू, आपल्याला हे सांगायची वेळ यावी? आपल्या वडिलधाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट आठवा. नवगावच्या किनाऱ्याजवळ पूर्वजांचं गलबत फुटलं, पोथ्या बुडाल्या, हाती उरली ती ‘शमा इस्रायल’ची प्रार्थना. कोकणात तेलाचे घाणे चालवले आणि शब्बाथ (शनिवारची विश्रांती) पाळला, म्हणून लोक ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पुस्तक नव्हतं! हिब्रू भाषेचं मराठीतलं व्याकरण आलं १८३२ मध्ये, तेही एका स्कॉटिश मिशनऱ्याने लिहिलेलं. मराठी अर्थासह हग्गादा (वल्हांडण सणाला वाचायची पोथी) मुंबईत छापली गेली १८४६ मध्ये. तोवर सेदरच्या, म्हणजे त्या सणाच्या जेवणाच्या, रात्री आपल्या घरांत काय वाचत असतील? आज आपलं राज्य आपल्याच मुलाच्या हातात अख्खा तनाख ठेवतं, आणि तुम्ही म्हणता मागेल त्याला द्या. त्या वयाचा पोरगा काय मागतो ते आपल्याला ठाऊक आहे. मीही मागितला नसता. मिळाला म्हणून पहाऱ्याच्या रात्री उघडला. सेवा संपल्यावर रायफल परत केली, तनाख अजून उशाशी आहे.

सुभेदार (निवृत्त), सातारा

तुमच्या घरातला विषय आहे, पण फौजेतला आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे कसम परेडला पंडित, ग्रंथी, मौलवी, पादरी आपापले ग्रंथ घेऊन येतात. जवान ग्रंथासमोर कसम खातो. ग्रंथ धर्मगुरूकडेच राहतो, जवानाच्या पिठ्ठूत (पाठीवरच्या पिशवीत) जात नाही. मला ही पद्धत बरी वाटते, कारण तिथे ग्रंथ साक्षीला असतो, हत्यारासारखा इश्यू होत नाही. तरी एक सांगतो. उंचावरच्या चौकीवर आमच्यातल्या एकाकडे गीतेची छोटी प्रत होती. ती सगळ्यांनी वाचली, त्यात दुसऱ्या धर्माचेही होते. जवळ पुस्तक असलं की माणूस वाचतो.

हडसनकाठ

अमेरिकेत १८६२ पर्यंत फौजेचा पाद्री ख्रिस्तीच असावा असा कायदा होता. यादवी युद्धाच्या काळात तो बदलला, तेव्हा कुठे रब्बी नेमता आले. १९१७ मध्ये ज्यू वेल्फेअर बोर्ड स्थापन झालं आणि त्याने ज्यू सैनिकांसाठी खिशात मावेल असं संक्षिप्त प्रार्थनापुस्तक काढलं. म्हणजे पुस्तक समाजाने पुरवलं, सेनेने वाट मोकळी ठेवली. दुसऱ्या महायुद्धात ओळखपट्टीवर धर्माचं अक्षर असायचं, ज्यूंसाठी ‘एच’, म्हणजे हिब्रू. जर्मनांच्या हाती सापडायची भीती होती, म्हणून काहींनी ती पट्टी फेकून दिली. हिब्रू पुस्तकाचंही तेच. ते खिशात ठेवायचं की नाही, हे ज्याच्या जिवावर बेतणार त्यानेच ठरवावं. माझं मत अश्दोदकरांच्या बाजूने.

दिमोनाची लेक

मी दोन वर्षं सेवा केली आहे. देवळात (सिनॅगॉगला आमची आजी देऊळच म्हणते) वर्षातून दोनदा जाते. तरी मला तनाख घेताना काही खटकलं नाही. इथे तो सरकारी शाळेत शिकवतात, बारावीला त्याची परीक्षा असते. ती आमची भाषा आहे.

काका, उरियाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे कारण तुमच्याकडे अख्खा ग्रंथ आहे. धोका निवडक पानांचा असतो. २००९ च्या जानेवारीत गाझाच्या मोहिमेत लष्करी रब्बिनेटकडून (सेनेतल्या रब्बींच्या खात्याकडून) सैनिकांत वाटल्या गेलेल्या पुस्तिकांवरून इथेच केवढा गदारोळ झाला! शत्रूवर दया करू नये असा अर्थ त्यांत वचनांतून काढला होता. ओरड करायची तर अशा पुस्तिकांविरुद्ध करा. अख्खा तनाख दिला तर त्यात यहोशवाच्या लढायाही येतात आणि नाथानही येतो.

अश्दोदकर

दिमोनाच्या लेकी, तुझा मुद्दा मी उघडपणे मान्य करतो. पुस्तिकांबद्दल मी लिहायला हवं होतं. निवडक पानं वाटणं रब्बिनेटने बंदच करावं.

पण शपथेबद्दल ऐक. माझ्या मुलाच्या रांगेतली काही कडक धार्मिक मुलं ‘अनी निश्बा’ म्हणालीच नाहीत. ती म्हणाली ‘अनी मत्झहीर’, मी जाहीर करतो. शपथ मोडली गेली तर पाप लागतं, म्हणून घ्यायचीच नाही, असं त्यांचे गुरू शिकवतात. सेनेलाही ते चालतं. ज्यांनी हा ग्रंथ सर्वांत जास्त वाचला तेच शपथेला घाबरतात, आणि आम्ही शपथेबरोबरच तो वाटतो. सातारच्या सुभेदारसाहेबांनी सांगितलं तसं ग्रंथ साक्षीला ठेवा. आणि नातू, तुला रात्री पहाऱ्यावर वाचायला तो रब्बीकडे मागून मिळाला असता, तर तू वाचला नसतास?

नवगावचा नातू

खरं सांगू? नसता वाचला. रब्बीच्या खोलीपर्यंत मी गेलोच नसतो.

सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल, कंपनीच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेत सापडले. ते ‘बनी इस्राईल’ आहेत हे ऐकून टिपूच्या आईने रदबदली केली, कारण कुराणात ते नाव आहे, असं आपल्यात सांगतात. जिवंत परत आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत ‘शाआर हाराहामिम’ हे देऊळ बांधलं. फौजेतल्या माणसाने आधी देऊळ उभं केलं, हिब्रू नीट वाचता येणारी पिढी त्यानंतर आली. म्हणून न मागता मिळालेलं पुस्तक मी परत करा म्हणणार नाही. अधिकाऱ्याच्या हातून नको, हे मात्र मी विचारात घेतो. आईबापांनी मुलाच्या हातात दिला तर? त्या दिवशी तुम्ही दोघं तिथेच उभे होतात.

अश्दोदकर

हे मला सुचलं नव्हतं. हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, धाकटा सुट्टीवर येईल तेव्हा मलिदा करायचाच आहे, एलियाहू हन्नावी संदेष्ट्याला नवस बोललोय. पोहे, खोबरं, गूळ कालवून झालं की तिच्याच हातून त्याला पुन्हा एकदा देऊया. पण सेनेने नियम बदलावा, हे माझं म्हणणं कायम आहे.