'व्हेल वॉर्स' मुलासोबत बघायची आहे, कुठल्या सीझनपासून सुरू करू?

ठाण्याची_मेघा
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. लेक आठवीत आहे आणि गेलं वर्षभर त्याला व्हेलचं वेड लागलंय, म्हणजे वहीच्या मागच्या पानांवर पण व्हेलच. आता कोणीतरी त्याला 'व्हेल वॉर्स'बद्दल सांगितलंय, ती अॅनिमल प्लॅनेटवर लागायची ना, काळी बोट घेऊन अंटार्क्टिकात जपानी शिकारी जहाजांच्या मागे लागणारे लोक, तीच. मी लग्नाआधी एकदोन एपिसोड बघितले होते पण आता फक्त बर्फ आणि आरडाओरडा एवढंच आठवतंय. तर प्रश्न असे की सगळे सीझन बघण्यात अर्थ आहे का की एखादाच पुरे, प्राणी मारतानाची दृश्यं कितपत आहेत (हा मुलगा रस्त्यावर मेलेलं मांजर दिसलं तरी रात्री जेवत नाही), आणि मुख्य म्हणजे दाखवलंय ते खरं आहे की रिअॅलिटी शो म्हणून तिखटमीठ लावलंय? ज्यांनी बघितलीय त्यांनी मनापासून सांगा प्लीज.

अभय_नाशिक
मेघाताई, अगदी योग्य माणसाला विचारलंत, मी पूर्ण सिरीज दोनदा बघितलीय. पहिला सीझन नोव्हेंबर २००८ मध्ये आला आणि शेवटचा २०१५ ला. माझा सल्ला, पहिल्या सीझनचे सुरुवातीचे दोनतीन भाग बघा म्हणजे माणसं कळतील, मग थेट तिसरा आणि चौथा.

पहिल्या सीझनमध्ये ही सी शेफर्डची (व्हेल वाचवणारी संघटना) मंडळी अक्षरशः नवशिकी आहेत, बहुतेक जण बिनपगारी स्वयंसेवक, कोणी आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात आलेलं, आणि रबरी बोट क्रेनने पाण्यात उतरवताना ती उलटते आणि माणसं त्या गोठवणाऱ्या पाण्यात पडतात. तो सीन बघताना मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो होतो. त्याच मोहिमेत, जानेवारी २००८ मध्ये, दोघं जण चालत्या यूशिन मारू नं. २ या जपानी हार्पून जहाजावर (व्हेलवर भाला झाडणारं) उडी मारून चढतात, दोन दिवस तिकडेच अडकतात, शेवटी ऑस्ट्रेलियाचं कस्टम्सचं जहाज येऊन त्यांना घेऊन जातं.

तिसऱ्यात आडी गिल आहे. काळी, तीन पायांच्या कोळ्यासारखी दिसणारी वेगवान बोट, कॅप्टन न्यूझीलंडचा पीट बेथ्यून. ६ जानेवारी २०१० ला जपानच्या शोनान मारू नं. २ ची आणि तिची टक्कर होते आणि तिचं नाकच तुटून जातं. मग तो बेथ्यून महिन्याभराने जेट स्कीवरून जाऊन त्याच शोनान मारूवर रात्रीच्या अंधारात चढतो, जाब विचारायला. त्याला तसंच जपानला नेलं, खटला चालला, दोन वर्षांची शिक्षा झाली पण ती स्थगित ठेवून घरी पाठवलं. लेकाला हे नक्की आवडणार.

चौथा मला सगळ्यात जास्त आवडतो कारण तोपर्यंत यांना नेमकी मेख सापडलेली असते. छोटी हार्पून जहाजं व्हेल मारतात, पण मेलेला व्हेल शेवटी निश्शिन मारू या मोठ्या कारखाना जहाजावरच चढवावा लागतो, त्याच्या मागच्या बाजूला एक उतार आहे, घसरगुंडीसारखा, त्यावरून शेपटीने ओढून वर घेतात. म्हणजे त्या उताराच्या मागे आपली बोट चिकटवून ठेवली की काम बंद! मारून उपयोग काय, चढवणार कुठे. घाण वासाच्या अॅसिडच्या बाटल्या फेकण्यापेक्षा हे कितीतरी भारी. २०११ च्या फेब्रुवारीत जपानने मोहीम अर्धवट सोडून जहाजं परत बोलावली, त्या वर्षी साडेआठशेच्या वर मारायचं ठरवलं होतं आणि मारले १७२. माझ्यासाठी हाच सगळ्या सिरीजचा कळस आहे.

गणपतीपुळेकर
मेघाताई, शिकारीची दृश्यं आहेत, दुसऱ्या सीझनमध्ये जास्त. ती एकट्याने बघू देऊ नका. तुम्ही आधी बघा, मग तो भाग पुढे ढकला.

आमच्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हेलचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, बातम्यांत बघितलं असेल. मी तिथे होतो. चाळीसेक तास लोक झटत होते, ओली कापडं अंगावर टाकून बादल्यांनी पाणी मारत होतो, भरती आली की ढकला, ओढा, परत तेच. मी डोक्याच्या बाजूला उभा होतो, ते श्वास सोडायचं तेव्हा गरम ओली हवा तोंडावर यायची, माशाचा वास असलेली, आणि मग बराच वेळ काहीच नाही, आपणच श्वास धरून उभे. शेवटी ते गेलंच. तेव्हापासून हार्पूनचा सीन मला बघवत नाही, हार्पूनच्या टोकाला स्फोटक असतं, आत जाऊन फुटतं. मोठ्या माणसाला इतका त्रास होतो तर पोराचं काय होईल याचा विचार करा.

दर्यावर्दी
मी मर्चंट नेव्हीत २२ वर्षं आहे, आता चीफ मेट. माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका.

व्हेल मारू नयेत हे मला शंभर टक्के मान्य. पण दुसऱ्याच्या प्रोपेलरमध्ये अडकावा म्हणून मुद्दाम जाड दोर समुद्रात सोडणं, तेही साठ अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली, जिथे जवळपास मदतीला दुसरं कोणी नाही, हे मी कुठल्याच कारणासाठी बरोबर म्हणणार नाही. निश्शिन मारूवर शंभरच्या वर माणसं असतात, ती पण कोणाची तरी मुलं आहेत. इंजिन बंद पडलं आणि वारा बर्फाकडे असेल तर काय होतं हे टीव्हीवर कळत नाही. आणि ती ब्युटिरिक अॅसिडची बाटली, नासलेल्या लोण्याचा वास येतो म्हणून हसण्यावारी नेतात, पण डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं. मिथाईल सेल्युलोज टाकून दुसऱ्याचा डेक निसरडा करायचा म्हणजे हलत्या जहाजावर कोणाचा तरी पाय मोडायची सोय.

अर्थात समोरचे पण साधे नव्हते. वॉटर कॅननचा मारा, कानठळ्या बसवणारी ध्वनियंत्रं, हेलिकॉप्टरकडे पण रोखायचे. आडी गिलच्या टकरीची न्यूझीलंडच्या सागरी खात्याने चौकशी केली आणि दोन्ही कॅप्टनना दोष दिला. मला ते पटलं, फुटेज मी थांबवून थांबवून बघितलंय, दोघांनीही वेळेत काही केलं नाही. आणि नंतर बेथ्यूननेच आरोप केला की आडी गिल वाचवता आली असती पण ती मुद्दाम बुडवायला लावली, सी शेफर्डचा प्रमुख पॉल वॉटसनने ते नाकारलं. या गोष्टी मुलाला सांगून मग बघा.

अभय_नाशिक
दर्यावर्दी साहेब, तुमचा अनुभव मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मग त्यांनी करायचं काय होतं ते सांगा. व्यापारी शिकारीवर बंदी घालायचा ठराव आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनने १९८२ ला केला, १९८६ पासून ती लागू, १९९४ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा सगळा समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि तरी 'संशोधन' असं मोठ्या अक्षरात जहाजावर रंगवून शेकडो व्हेल मारून मांस बाजारात विकत होते. एकही सरकार आपलं जहाज मध्ये घालायला तयार नव्हतं. मला ती माणसं आवडतात ती यासाठी, की चुकत असतील, पण गेली तरी. बॉब बार्कर जहाज बघा ना, १९५० साली नॉर्वेत व्हेलच्या शिकारीसाठीच बांधलेलं, अमेरिकेतल्या त्या नावाच्या टीव्ही होस्टने ५० लाख डॉलर दिले त्यातून घेतलं, आणि तेच जहाज व्हेल वाचवायला परत अंटार्क्टिकात. हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

दर्यावर्दी
जाणं मला पण मान्य. उताराच्या मागे बोट लावून धरणं यालाही माझी ना नाही, त्यात सीमनशिप लागते आणि सी शेफर्डचा कॅप्टन हॅमरस्टेट त्यात खरोखर तयार झाला. तोच पुढे थंडर नावाच्या बेकायदा मासेमारी जहाजाच्या मागे ११० दिवस लागला होता, २०१५ मध्ये ते आफ्रिकेजवळ बुडालं तेव्हा त्याच्यावरच्या लोकांना याच मंडळींनी वाचवलं. माझा आक्षेप फक्त दोरावर आहे.

सई_मेलबर्न
मी इथे विल्यमस्टाउनला सी शेफर्डचं स्टीव्ह अर्विन जहाज आतून बघितलंय, लोकांना बघायला खुलं ठेवायचे तेव्हा. टीव्हीवर केवढं मोठं वाटतं, प्रत्यक्षात जिने इतके अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने मागे जायचं. स्कॉटलंडचं मच्छीमारीवर नजर ठेवणारं जुनं जहाज ते, १९७५ चं, बर्फासाठी बांधलेलंच नाही. बाहेरून काळ्या पत्र्यावर पोचे दिसत होते, मी हात लावून बघितला, माझा पूर्ण तळवा आत मावत होता. पुढे त्यांची ती कवटी, खाली त्रिशूळ आणि मेंढपाळाची काठी. किचनमध्ये सगळं व्हीगन, दूधसुद्धा नाही. जी मुलगी दाखवत होती ती म्हणाली की पहिले चार दिवस तसंही कोणाच्या पोटात काही राहत नाही.

खरं की खोटं विचाराल तर माझं मत, घटना खऱ्या, एडिटिंग शोवाल्यांचं. दर जाहिरातीच्या आधी कोणीतरी मरणार असं वाटायला लावतात आणि परत आल्यावर काही झालेलंच नसतं. आणि पॉल वॉटसनला गोळी लागली, बुलेटप्रूफ जॅकेटने वाचला, हा जो पहिल्या सीझनचा शेवट आहे त्यावर इथे तेव्हा खूप वाद झाला होता, जपानने साफ नाकारलं. तो भाग मुलाला शंका घेऊनच बघायला सांगा.

निशीकासाई
टोकियोत १३ वर्षं राहतोय. एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती सिरीजमध्ये जवळजवळ येतच नाही. जपानी माणसं त्यात फक्त दुर्बिणीतून दिसणारे हेल्मेटवाले ठिपके आहेत, कोणालाही नाव नाही. आमच्या ऑफिसात एक सिनियर आहेत, साठीचे, त्यांना शाळेच्या डब्यात तळलेलं व्हेलचं मांस मिळायचं, युद्धानंतरच्या गरिबीत तेच स्वस्त प्रथिन होतं, आणि ते ही आठवण आईच्या आठवणीसोबत सांगतात. माझ्या वयाच्या सहकाऱ्यांनी मात्र बहुतेक खाल्लेलंच नाही आणि खायची इच्छा पण नाही. मांस खपत नव्हतं, सरकार पैसे ओतत होतं, अगदी त्सुनामीनंतरच्या पुनर्बांधणीच्या निधीतून पण २२८ कोटी येन व्हेलिंगकडे गेले, त्यावर इथल्याही लोकांनी टीका केली. बाहेरच्यांनी बाटल्या फेकल्यावर मात्र तेच लोक चिडून सरकारच्या बाजूने बोलायला लागले, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्यामुळे 'व्हेल वॉर्स' जरूर बघा पण 'जपानी वाईट' असं मुलाच्या डोक्यात बसू देऊ नका, एवढीच विनंती.

वकीलकाका
अंटार्क्टिकातल्या शिकारीला मोठा धक्का बसला तो कोर्टात, आणि ते सिरीजमध्ये नीट येत नाही म्हणून लिहितो. ऑस्ट्रेलियाने जपानला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. ३१ मार्च २०१४ ला निकाल लागला, १२ विरुद्ध ४. कोर्टाने 'संशोधन वाईट' असं म्हटलं नाही, त्यांनी साधे प्रश्न विचारले की एवढे आकडे कशावरून ठरवले, न मारता अभ्यास करता येतो का हे तपासलं का, आणि इतक्या वर्षांत शोधनिबंध किती. समाधानकारक उत्तरं नव्हती, परवाने रद्द करायला सांगितलं. आपल्यासाठी विशेष म्हणजे त्या बेंचवर न्या. दलवीर भंडारी होते, जे आधी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते, ते बहुमताच्या बाजूने होते आणि त्यांनी स्वतंत्र मतही लिहिलं.

पुढे जपानने एक हंगाम अंटार्क्टिकात कोणताही व्हेल मारला नाही, मग नवा कार्यक्रम आखून वर्षाला ३३३ मिंक व्हेल मारायला परत गेले, आणि २०१९ मध्ये कमिशनमधूनच बाहेर पडले. तेव्हापासून अंटार्क्टिकात जात नाहीत, स्वतःच्या हद्दीत उघडपणे व्यापारी शिकार करतात. म्हणजे अंटार्क्टिका सुटलं, पण व्हेल पूर्णपणे सुटले नाहीत. २०२४ मध्ये तर यादीत फिन व्हेल पण घातला, तो आकाराने फक्त ब्लू व्हेलच्या मागे.

अभय_नाशिक
काका, कोर्टाचं श्रेय आहेच. पण इतक्या वर्षांचं ते फुटेज नसतं तर ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी सरकारच्या मागे एवढा लकडा लावला असता का? मला नाही वाटत. आणि वॉटसनचं म्हणाल तर त्याला जुलै २०२४ मध्ये ग्रीनलंडला नूकमध्ये पकडलं, जपानच्याच जुन्या वॉरंटवर, त्याच २०१० च्या मोहिमेवरून, पाच महिने आत ठेवून डिसेंबरमध्ये सोडलं. ७४ वर्षांचा माणूस. मी रोज बातमी बघायचो.

ठाण्याची_मेघा
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. शनिवार रविवार मिळून पहिल्या सीझनचे दोन आणि तिसऱ्याचे तीन भाग झाले. दुसरा मी एकटीने बघितला आणि गणपतीपुळेकर, तुमचं ऐकलं ते बरं झालं, मलाच रडू आलं, तो सध्या राहू दे. निशीकासाई यांची पोस्ट त्याला वाचून दाखवली, तर त्याने विचारलं की त्या काकांना आता पण ते खावंसं वाटतं का. विचारून सांगाल का?

आणि दर्यावर्दी दादा, एक प्रश्न खास तुमच्यासाठी आहे, जेवतानासुद्धा तोच चालू होता. दोर खरंच प्रोपेलरमध्ये अडकला तर तो काढतं कोण आणि कसा?

दर्यावर्दी
त्याला सांगा, फार छान प्रश्न आहे. आधी इंजिन बंद करायचं, मग टर्निंग गिअर लावून शाफ्ट, म्हणजे प्रोपेलरचा दांडा, पक्का करायचा, म्हणजे प्रोपेलर चुकूनही फिरणार नाही, आणि चावी चीफ इंजिनियरच्या खिशात. मग डायव्हर खाली जातो, सुरी नाहीतर करवत घेऊन. पाणी शून्याच्या आसपास, खारं असल्याने त्याच्याही किंचित खाली, जाड कोरडा सूट घातला तरी बोटं लवकर बधिर होतात आणि दोर प्रोपेलरवर दगडासारखा आवळलेला असतो. पण खरी भीती थंडीची नाही. लाटेवर जहाजाची मागची बाजू दोनतीन मीटर वर जाते आणि धाडकन खाली येते, आणि डायव्हर बरोबर तिच्याखाली असतो. म्हणून समुद्र शांत होईपर्यंत कोणीच उतरत नाही. तोवर जहाज वारा नेईल तिकडे जातं, आणि ब्रिजवरचे सगळे बर्फाकडे बघत उभे असतात.