ऊसतोडीच्या बायकांचे फोटो, काळा घोडा आणि नाव कुणाचं

दादर_लोकल:
काळ्या घोड्याला ऊसतोड कामगारांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलंय. फोटो भारी आहेत, वाद नाही, पण खाली काय लिहिलंय तर 'आई, बीड'. फोटोग्राफरचं नाव मात्र प्रत्येक फ्रेमखाली. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगनं १९३६ ला कॅलिफोर्नियात निपोमोच्या वाटाणा तोडणाऱ्यांच्या कॅम्पात असंच केलं, बाईचं नावच विचारलं नाही, फोटो जगभर गाजला आणि ती फ्लॉरेन्स थॉम्पसन आहे हे लोकांना कळलं १९७८ ला. ती तेव्हा सरळ म्हणाली की फोटो काढायलाच नको होता, एक पैसा मिळाला नाही.

फिल्मरोल:
अर्धीच गोष्ट सांगताय. लँग सरकारी पगारावर होती, निगेटिव्ह सरकारच्या, तिलाही रॉयल्टी नव्हती. फोटो पेपरात आले आणि सरकारनं कॅम्पात २०,००० पौंड अन्न पाठवलं, त्याचं काय?

दादर_लोकल:
पाठवलं ना, पण तोवर फ्लॉरेन्सचं कुटुंब कॅम्प सोडून पुढे गेलेलं.

फिल्मरोल:
मग बाकीचे जेवले ते मोजायचंच नाही का? आणि नावाचं म्हणाल तर इथे नाव छापलं की मुकादम, म्हणजे मजूर आणणारा ठेकेदार, उद्या तिच्या नवऱ्याला विचारणार, कशाला बोललात. उचल, म्हणजे हंगामाआधीच आगाऊ पैसे, घेऊन बसलेल्या माणसाचं नाव लपवणं हे पण त्याला सांभाळणंच आहे. एसीत बसून नैतिकता सोपी असते हो.

माजलगावची:
माझे आईबाप कोयत्यावर जायचे, मी आता कुर्ल्याला असते, म्हणून मधे बोलते. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, उचल घेतो नवरा, फेडतात दोघं, खाडा झाला की पैसे कापतात. बाई पहाटे अंधारात उठून भाकरी थापते त्याचा फोटो नसतो कारण उजेड नसतो. फोटोवाले येणार ऊन चांगलं पडल्यावर, बाई डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरत असताना, सोबत मुकादम. थांब म्हटलं की थांबते बिचारी, मुकादमासमोर नाही कोण म्हणेल? याला तुम्ही परवानगी म्हणता. खरंच विचारायचं असेल तर संध्याकाळी कोपीवर, आमच्या झोपडीवर या, एकटे या. आणि हिशोबाच्या वहीचा पण फोटो काढा की, तो कुणीच काढत नाही.

चहा_कमी_साखर:
म्हणजे फोटो काढूच नयेत?

माजलगावची:
असं कुठं म्हटलं मी. २०१९ ला बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, विधान परिषदेत विषय निघाला, समिती नेमली, त्या बायका कॅमेऱ्यासमोर बोलल्या म्हणूनच ना. पण त्या बोलल्या होत्या, नुसत्या मोळी घेऊन उभ्या नव्हत्या. पत्रकार पी. साईनाथांनी खेड्यातल्या बायकांच्या कामाचे फोटो काढले ते स्टेशनांवर, फॅक्टरीच्या गेटवर लावले, बघणारी मंडळी कामाचीच. इथे वाईन पीत बघतात, आणि जिचा फोटो तिला तो कुणी नेऊन देत नाही.

फिल्मरोल:
वाईन नव्हती, चहा होता. आणि फोटो नेऊन द्या म्हणणं सोपंय, टोळी पुढच्या वर्षी कोल्हापूरला का कर्नाटकात, शोधायची कुठे?

माजलगावची:
पावसाळ्यात सगळे गावीच असतात. पत्ता विचारला असता तर सांगितला असता.