‘ठाऊक नाही’ म्हणण्याची मुभा : सीमाभागातील अनुभव

देव आहे की नाही, यावरची आमच्या पिढीची बहुतेक भांडणे आता मोबाइलवर आणि रात्री अकरानंतर होतात. त्यांचा निकाल येथे पुन्हा लावायचा नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील तरुणांनी, आणि ज्यांच्या घरात असे तरुण आहेत त्या वडीलधाऱ्यांनीही, ऑनलाइन घेतलेली भूमिका घरात आणि गल्लीत कशी टिकली ते लिहावे, एवढीच विनंती आहे. शब्दांचा घोळ नको म्हणून नोंदवतो की, देव नाही असे मानणारा तो निरीश्वरवादी, आणि देवाविषयी खात्रीने काही जाणता येत नाही असे म्हणणारा तो अज्ञेयवादी. या दुसऱ्या भूमिकेला इंग्रज शास्त्रज्ञ हक्सले यांनी १८६९ मध्ये इंग्रजीत नाव दिले. पण ही सृष्टी कोठून झाली हे तिच्यावर देखरेख करणाऱ्यालाही कदाचित ठाऊक नसेल, ही शंका ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात आहेच, आणि मराठीत आगरकर याच भूमिकेसाठी ओळखले जातात. ‘नास्तिक’ हा शब्द मात्र मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे, आणि दोन्हीकडे तो शिवीसारखा वापरता येतो.

सुरुवात माझ्यापासून करतो. मी बेळगावातील शहापूरचा. अकरावीत असताना टोपणनावाने एका निरीश्वरवादी गटात शिरलो. दावा करणाऱ्यानेच तो सिद्ध करावा, हे सांगण्यासाठी तत्त्वज्ञ रसेल यांनी कल्पिलेली, सूर्याभोवती फिरणारी चहाची किटली मी दिवसातून दहा वेळा कोणाच्या ना कोणाच्या अंगावर फेकत असे. गटातील बहुतेक मुले पुण्या-मुंबईची होती आणि गणपतीची वर्गणी देऊ नका, आरतीला जाऊ नका, असे ती सहज सांगत. त्या वर्षी मी मंडळाच्या कामाला नकार दिला. काका रागावले नाहीत. ते म्हणाले, “देव मानू नकोस, पण मांडवात ये. पाट्या बदलल्या, कागदपत्रं कन्नडमध्ये आली. मोठ्यानं मराठी ऐकू येतं ते आता आरतीत नि भजनात. तेही सोडायचं काय रे?” १९५६ पासून ज्या घरात भाषेचा प्रश्न ताटाशेजारी बसून जेवतो आहे, त्या घरात या प्रश्नाला किटलीचे उत्तर देता येत नाही. पुण्याच्या मुलाने आरती सोडली तर तो फक्त आरती सोडतो. आमच्याकडे तो ‘आपल्यातून’ गेला असे होते. आता मी मांडवात जातो, आरती म्हणत नाही, झांज वाजवतो. गटातील एका मित्राने याला ढोंग म्हटले. त्याला मी अजून समाधानकारक उत्तर देऊ शकलेलो नाही.

निपाणीहून, विद्यार्थिनी :
माझी आई विड्या वळते आणि दरवर्षी सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जाते. कर्नाटकात मुलींना देवीला सोडण्याच्या देवदासी प्रथेला बंदी घालणारा कायदा १९८२ सालचा आहे, हे वाचल्यापासून त्या देवीचे नाव निघाले तरी माझा संताप होई. त्या संतापात मी परडी घेऊन ‘उदं गं आई उदं’ म्हणणाऱ्या बायकांवर एक विनोद टाकला आणि त्याला भरपूर दाद मिळाली. तिसऱ्या दिवशी तो फिरत फिरत मावशीच्या फोनवर आला. तिने तो आईला वाचून दाखवला, लिहिणारी कोण हे दोघींनाही ठाऊक नव्हते, आणि आई फक्त “शिकलेली पोरं असतील,” असे म्हणून पुन्हा सुपाकडे वळली. वर्षातले ते तीन दिवस सोडले तर तिला सुट्टी नसते, हे मी त्या विनोदात कोठेच लिहिले नव्हते. प्रथेविरुद्धचे माझे मत आजही तसूभर बदललेले नाही, फक्त लिहिताना रोख कोणावर आहे ते आता दोनदा पाहते.

चिकोडी तालुक्यातून :
आम्ही जैन. ‘तू देव मानतोस की नाही?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर मला आजवर देता आलेले नाही, कारण आमच्या दर्शनात जग निर्माण करणारा ईश्वरच नाही. पण घरचे सगळे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जातात आणि आजी सूर्यास्तानंतर पाण्याव्यतिरिक्त काही घेत नाही. एकाच रात्री, एकाच चर्चेत, एकाने मला नास्तिक ठरवले आणि दुसऱ्याने अंधश्रद्ध. दोघांनाही मी तीर्थंकरांविषयी समजावू लागलो, तेव्हा दोघांनी मिळून मला गटाबाहेर काढले. त्या दोघांचे एकमत झालेले मी तेवढे एकदाच पाहिले.

अथणीहून :
माझ्या घरी दखनी बोलतात, शिक्षण मराठीत झाले. माझ्या मनात धर्माविषयी शंका आहेत, पण त्या मी ऑनलाइन लिहीत नाही. एकदाच लिहिल्या होत्या. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांना माझ्या शंकेशी देणेघेणे नव्हते. त्यांना माझ्या मोहल्ल्याविरुद्ध एक साक्षीदार हवा होता.

बेळगावहून, कन्नड-मराठी दोन्ही वाचणारी :
फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ऑगस्टमध्ये धारवाडला वचनसाहित्याचे अभ्यासक कलबुर्गी यांची घरातच हत्या झाली. त्याआधी २०१३ मध्ये पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या दाभोलकरांची हत्या झाली होतीच. आमचे शहर कोल्हापूर आणि धारवाड यांच्या मधोमध, एकाच महामार्गावर. त्या वर्षी बाबांनी माझ्याकडून खऱ्या नावाचे खाते बंद करून घेतले. ‘टोपणनावाने लिहिणारे भित्रे’ असे येथे कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

खानापूर तालुक्यातून, निवृत्त शिक्षक :
मी माळकरी आहे आणि नातू काही मानत नाही. आमचा वाद होत नाही, कारण तो घरी बोलतच नाही. तो काय लिहितो हे मला शेजाऱ्यांकडून कळते. त्याने माझ्याशी भांडावे, असे मला फार वाटते.

बेळगावहून, पदवीचा विद्यार्थी :
माझा अनुभव खिडकीपुरताच आहे. प्रवेशअर्जात धर्माचा रकाना मी कोरा सोडला. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २९ लाख लोकांच्या नावापुढे धर्म नोंदलेला नव्हता, तेव्हा हे काही जगावेगळे नव्हते. कारकुनांनी अर्ज परत केला. धर्म सांगण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल मी तेथेच उभा राहून फोनवरून वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चष्मा काढला आणि म्हणाले, “बाळा, ते मुंबईचं. आपलं न्यायालय बंगळूरचं.” सीमाप्रश्नावर माझ्याइतकेच तावातावाने बोलणारे मराठी गृहस्थ ते. मग त्यांनीच पेन काढून रकाना भरला.