मदत हवी आहे: मॉस्कोतला एलिझाबेथ फ्योदोरोव्नांचा मठ पाहिलाय का कुणी?

राणी व्हिक्टोरियाची ही नात, रशियाच्या शेवटच्या झारिनाची, म्हणजे सम्राज्ञीची, थोरली बहीण. 1905 मध्ये पती सर्गेई बॉम्बहल्ल्यात गेले, तर ही बाई तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला भेटली आणि तिने त्याला क्षमा केली! मला हे अजूनही पेलत नाही. मग दागिने विकून 1909 मध्ये मॉस्कोत मार्था-मेरी मठ उभारला. तिथे गरिबांसाठी दवाखाना, औषधालय. 1918 मध्ये बोल्शेविकांनी (रशियातल्या कम्युनिस्ट क्रांतिकारकांनी) तिला अलापायेव्स्कजवळ खाणीत ढकलून मारलं.

मॉस्कोत शिकणारं किंवा राहणारं कुणी आहे का इथे? बोल्शाया ऑर्दिन्का रस्त्यावरच्या त्या मठात बाहेरच्यांना आत सोडतात का? डोकं झाकावं लागतं का? आईला घेऊन जायचंय. शिवाय एलिझाबेथवर मराठीत काही वाचलं असेल तर नक्की सांगा.