मदत हवी आहे: सेवाभावी क्लबपुढे मधमाश्यांवर बोलायचंय, पण त्यांना वाटायच्या आहेत मधपेट्या

नमस्कार मंडळी,

मी मधमाश्या पाळते. एका सेवाभावी क्लबने त्यांच्या सभेत बोलायला बोलावलंय. एकूण वेळ अर्धा तास, त्यातच प्रश्नोत्तरं. ऐकणारे वेगवेगळ्या व्यवसायांतले, मधमाशीशी संबंध मधाच्या बाटलीपुरता किंवा कधीतरी बसलेल्या डंखापुरता. बोलायची धास्ती नाही, पेटी बघायला येणाऱ्यांना समजावून सांगायची सवय आहे. अडचण वेगळीच आहे.

त्यांच्या सचिवांनी कळवलंय की यंदाचा उपक्रम 'मधमाशी वाचवा' असा ठरतोय. जमलेल्या निधीतून मधपेट्या घेऊन शाळांच्या आणि बागांच्या आवारात ठेवायच्या, असा विचार आहे. माझं भाषण झालं की लगेच त्यावर निर्णय घेणार आहेत. म्हणजे माझ्याकडून त्यांना उत्साह हवाय, आणि मला तर मनापासून वाटतं की पेट्या वाटू नयेत.

पेटी ठेवली आणि विसरलं असं चालत नाही. हंगामात दर आठवड्याला ती उघडून बघावी लागते. राणी अंडी घालतेय का, चौकटीच्या खालच्या कडेला नवीन राणीघरं लोंबायला लागलीत का, माश्यांच्या अंगावर जगणारे बारीक परजीवी, म्हणजे माइट, किती, मेणकिडा शिरलाय का. बघणारं कुणी नसेल तर एक दिवस अर्धी वसाहत राणीला घेऊन उठते आणि कुणाच्या तरी खिडकीत जाऊन बसते. नाहीतर आतल्या आत संपते, आणि तिचा रोग शेजारच्या वसाहतींना जातो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जगात मधमाशीच्या जातकुळीतल्या माश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत. मध साठवणाऱ्या पाळीव माश्या त्यातल्या मूठभर. बाकीच्या बहुतेक एकट्या राहतात, उघड्या जमिनीत बीळ करून किंवा पोकळ काडीत घर करून. त्यांना ना पेटी, ना पाळणारा माणूस. फुलं आधीच कमी असलेल्या जागी आपण पेट्या आणून ठेवल्या की तोच मकरंद आणि तोच पराग आणखी हजारो तोंडांत वाटला जातो. शिवाय काही विषाणू एकाच फुलावर येण्याजाण्यातून पाळीव माश्यांकडून रानमाश्यांकडे जातात. पेट्या वाढल्या म्हणून फुलं वाढत नाहीत.

त्यामुळे मला त्यांच्याकडे मागायचंय ते असं: वर्षभर काही ना काही फुलत राहील अशी लागवड, थोडी न खणलेली मोकळी जमीन, आणि फुलोऱ्यावर कीटकनाशक न फवारण्याचं वचन.

आता भाषणाचा कच्चा खर्डा बघा. राणी ऐन हंगामात दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालते. उन्हाळ्यातली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. मग माशीचा नाच. हा भाग मला सोडवत नाही. पोळं उभं, आत काळोख, आणि फुलं शोधून आलेली माशी अंग थरथरवत सरळ रेघेत चालते. रेघ वरच्या दिशेला असेल तर फुलं सूर्याच्या दिशेला. रेघ उजवीकडे जितकी कललेली, तितकंच सूर्याच्या उजवीकडे जायचं. थरथरणं जितका वेळ, तितकं अंतर लांब. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडलं, १९७३ च्या नोबेलचे ते एक मानकरी. मी स्वतः चालून दाखवते तेव्हा माणसं खुर्चीत पुढे सरकतात. पण एवढ्यातच वेळ संपतो आणि माझी मागणी शेवटच्या दोन मिनिटांत कोंबली जाते.

तर विचारायचंय हे की मागणी सुरुवातीलाच मांडू का? तसं केलं तर पाहुणी आली आणि आमच्या उपक्रमावर पाणी टाकून गेली असं नाही ना वाटणार? काचपेटीतून जिवंत माश्या न्याव्यात का? आणि त्यांच्या पत्रिकेवर आइन्स्टाइनच्या नावाने ते वाक्य छापलंय, माश्या संपल्या की माणसाला चारच वर्षं उरतात म्हणे. आइन्स्टाइन असं म्हणाल्याचा काहीही पुरावा नाही, आणि ते खरंही नाही. गहू, तांदूळ, मका यांचं परागीभवन माश्यांवाचून होतं. प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिकांना प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमी-अधिक उपयोग होतो, पण म्हणजे तीन चतुर्थांश अन्न माश्यांमुळे मिळतं असं नव्हे. भर सभेत कुणाला न दुखावता हे कसं सांगावं?

प्रतिसाद १

ताई, मी अशाच एका क्लबचा पदाधिकारी होतो, म्हणून आतली बाजू सांगतो. पेटी लोकांना का आवडते? ती हातात देता येते, तिच्यावर क्लबचं नाव रंगवता येतं आणि देतानाचा फोटो निघतो. यात वाईट काही नाही, देणगीदाराला काहीतरी दाखवावंच लागतं. तेव्हा नुसतं 'पेट्या नकोत' म्हणू नका. फुलांच्या पट्ट्याची जागा, त्याचं माप, पाणी घालायची जबाबदारी, फलकावरचा मजकूर, एवढं कागदावर तयार घेऊन जा. तयार प्रस्ताव समोर असला की ठराव लगेच होतो.

आणि एक प्रश्न मधेच विचारा: पुढच्या वर्षी ही पेटी कोण उघडणार? आमच्याकडे अध्यक्ष आणि सचिव दरवर्षी बदलतात. हा प्रश्न प्रत्येकाला स्वतःच्या अनुभवातून कळेल, तुम्हाला वेगळं पटवावं लागणार नाही.

आइन्स्टाइनचं सभेत काढू नका. सचिवांना आधी फोन करून सांगा, ते स्वतःच पत्रिका बदलतील.

प्रतिसाद २

मीही पाळतो. जिवंत माश्या नेऊ नका असं माझं स्पष्ट मत. पिल्लावळीला ३४-३५ अंश ऊब लागते, काचेतली एकटी चौकट ती टिकवू शकत नाही. बंद गाडीत उलट जास्त तापून माश्या मरतात. त्यात सभागृहात डंखाची तीव्र अ‍ॅलर्जी असणारं कुणी आहे का, हे तुम्हाला माहीत नाही.

त्याऐवजी दोन रिकामी पोळी न्या. एक नवं, पांढरट, हातात घेतलं तर दाबून मोडेल असं. दुसरं जुन्या शिशुकोठीतलं, म्हणजे पेटीत जिथे पिल्लं वाढतात तिथलं, काळपट. प्रत्येक पिढी घरात कोषाचं पातळ अस्तर मागे ठेवून जाते, त्यानेच ते काळं आणि चिवट होतं. हातोहात फिरवा. त्याचा वास आणि वजन लोकांच्या लक्षात राहतं.

नाच ठेवाच. फक्त त्यातूनच मागणीवर या. एवढी अचूक वाट सांगून माश्या निघाल्या आणि तिथे फुलंच नसली तर? एवढं विचारून गप्प राहा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. नाचातून मागणीवर यायचं एकदम पटलं, आता तेच भाषणाच्या मधोमध घेते. राणीची अंडी आणि बाकी आकडे उडवले. सचिवांशी बोलणं झालं, त्यांनी वाक्य काढायचं लगेच मान्य केलं. त्यांनाही पेट्यांच्या देखभालीची शंका होतीच, पण सभेत कुणी बोलत नव्हतं.

प्रश्नोत्तरांत 'शुद्ध मध कसा ओळखायचा' यावरच सगळा वेळ जातो, म्हणून त्याचं उत्तर आधीच थोडक्यात देणार आहे: मध थिजला म्हणजे भेसळ नव्हे, त्यातल्या ग्लुकोजचे कण होतात. पाण्यात टाकून किंवा पेटवून केलेल्या परीक्षा काही सिद्ध करत नाहीत, खात्री प्रयोगशाळेतच होते. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच चाटवू नये, बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. हे मात्र मी सावकाश, दोनदा सांगणार.

एक मदत अजून हवी आहे. जमिनीत बीळ करणाऱ्या माशीचा, बिळाचं तोंड स्पष्ट दिसेल असा फोटो कुणी स्वतः काढलेला असेल आणि सभेत दाखवायला हरकत नसेल तर कृपया कळवा. माझ्याकडचे सगळे फोटो पेट्यांचेच आहेत.