घरचा ग्रुप: स्टीलहेडसाठी कधी निघायचं?

ओंकार: दादा, मार्चच्या शेवटच्या शनिवारी मिशिगनमधल्या बॉल्डविनला येतोय. स्टीलहेड मिळेल ना? रजा आजच टाकायची आहे.

मिलिंददादा: तारखेवर नको ठरवूस, पाण्यावर ठरव. स्टीलहेड म्हणजे लेकमध्ये वाढणारा रेनबो ट्राउट; पिअर मार्केट (Pere Marquette) नदीत ही मासळी मिशिगन लेकमधून अंडी घालायला चढते. पाणी 40 फॅरनहाइटच्या खाली असलं की खोल, संथ डोहात पडून राहते. चाळिशी ओलांडली की हलायला लागते.

अप्पाकाका: म्हणजे आपले चढणीचे मासेच की रे! पहिल्या पावसात वहाळातून मळ्यात चढतात ते.

मिलिंददादा: अगदी तेच अप्पा. इथे पावसाच्या जोडीला वितळलेल्या बर्फाचं पाणी.

ओंकार: मग पाऊस पडला की लगेच निघू?

मिलिंददादा: नको. गेल्या वर्षी मी चढत्या पाण्यात दोन दिवस काढले, एकही मासा लागला नाही. पाणी उतरायला लागतं, गढूळपणा जाऊन हिरवट होतं, गुडघाभर पाण्यात बुटाचं टोक पुसट दिसतं, तो दिवस आपला. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) साइटवर नदीची पातळी रोज बघत जा. आणि पहाटे धावू नकोस. रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो, लाइन सरकतच नाही. दुपारी पाणी एखाद-दोन डिग्री चढतं, तेव्हा मासा तोंड उघडतो.

सुनीताआत्या: ओंकार, वेडरचा, म्हणजे पाण्यात उतरायच्या त्या उंच विजारीचा, पट्टा कमरेला घट्ट बांध हो. आत पाणी शिरलं तर उठणं अवघड जातं.

ओंकार: हो आत्या. दादा, आमिष काय घेऊ?

मिलिंददादा: एम-37 हायवेच्या पुलापासून ग्लीसन्स लँडिंगपर्यंत फक्त फ्लाय (गळाला पिसं-दोरा बांधून केलेलं नकली आमिष) चालते, आणि मासा सोडावाच लागतो. अंड्यासारखी फ्लाय लाव, अगदी तळालगत जाऊ दे. वर तरंगणारा फ्लोट बुडायची वाट बघू नकोस, जरा अडखळला की रॉड उचल.

अप्पाकाका: गाभोळीची मासळी धरू नये रे बाबांनो. आमच्या वहाळात दरवर्षी चढणीलाच उपसून काढली. आता पाऊस लागला तरी पोरं रिकाम्या हाताने परत येतात. बघवत नाही.

मिलिंददादा: अप्पा, बरं झालं बोललात. ओंकार, नीट वाच. मादी शेपटीने खडीत खळगा करते, तिथली खडी धुतल्यासारखी उजळ दिसते. तिथे पाय ठेवायचा नाही, तिथल्या माशावर फ्लाय टाकायची नाही. त्या खळग्याच्या खालच्या अंगाला, काळपट खोल पाण्यात टाक. पॅसिफिक सालमन अंडी घालून मरतो, पण स्टीलहेड परत लेकमध्ये जाऊ शकते आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढू शकते. म्हणून हात ओले करून धर, पाण्यातच ठेव, तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला. स्वतःहून शेपटी मारून निघेपर्यंत सोडू नकोस.

ओंकार: लक्षात ठेवतो. मग रजा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाकू का?

मिलिंददादा: टाक. फक्त परवाना नवीन काढ, जुना 31 मार्चला संपतो. नक्की कोणत्या दिवशी यायचं ते पातळी बघून फोनवर सांगतो.

अप्पाकाका: मासा सुटताना पाठवा रे एक व्हिडिओ.